एका पैची चूक

देवगिरीचा किल्ला आमच्या छत्रपति संभाजीनगराहून अवघा पंधरा किलोमीटर. तेथील किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्यापाशीं राहून नाथमहाराज हिशेब पाहूं लागले, तेव्हां एका रात्रीं ताळ्यांत एका पैची चूक राहिली, ती शोधतां शोधतां रात्र सरली, आणि चूक सांपडतांच त्यांनीं आनंदानें टाळी वाजविली, ही कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या तोंडून ऐकली असेल. कीर्तनकार येथें थांबत नाहींत. एका पैची चूक सांपडल्यानें जर एवढा हर्ष, तर जन्माची चूक सांपडल्यास केवढा, या गुरूच्या प्रश्नाकडे ते श्रोत्यांस लगेच घेऊन जातात, आणि तें योग्यच आहे. आम्हीं मात्र आज मध्येंच, टाळी वाजण्याच्या अगोदरच्या त्या घटकेपाशीं, थांबावयाचें ठरविलें आहे. कारण हा मजकूर ‘पुस्तपालन व लेखाकर्म’ हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठीं आहे. त्यांच्या घरांतील वडील माणसांनीं तो हळूच वाचला तर आमची हरकत नाहीं.

नाथांस चूक आहे हें कळलें कशावरून? ताळा जुळेना यावरून. हिशेबाची सारी विद्या या एका सोयीवर उभी आहे. प्रत्येक व्यवहाराला दोन अंगें असतात. कोणी घेतो तेव्हां कोणी देतो. म्हणून प्रत्येक रक्कम एका खात्याच्या नांवें व दुसऱ्या खात्याच्या जमेस अशी दोनदां लिहावयाची, आणि शेवटीं साऱ्या खात्यांच्या बाक्या घेऊन तेरीज मांडावयाची. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या नाहींत तर कोठें तरी हात चुकला आहे असें समजावें. लुका पाचोली नांवाच्या एका इटालियन साधूनें ही द्विनोंदी पद्धति १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या आपल्या गणितग्रंथांत सविस्तर सांगितली. नाथांचा जन्म त्यानंतर सुमारें चाळीस वर्षांनीं झाला. एक साधु जगाला हिशेब शिकवितो आणि दुसरा हिशेबांतून साधुत्वाकडे जातो, हा योग आम्हांस मोठा गमतीचा वाटतो.

परंतु तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर झाला असें नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. रक्कम एकाच बाजूला लिहिली किंवा बेरजेंत चूक झाली तर तेरीज बोलते. पण जो व्यवहार मुळींच लिहिला गेला नाहीं त्याविषयीं ती मुकी राहते, आणि जो योग्य बाजूस पण भलत्याच खात्यावर लिहिला गेला त्याविषयींही मुकीच. नाथांची पैची चूक बोलकी होती म्हणून ती त्यांना रात्रभर जागवूं शकली. घरांतल्या चुका बहुधा दुसऱ्या जातीच्या असतात.

आमच्या वर्गाला हिशेब नवा नाहीं. याच देवगिरीवर तेराव्या शतकांत यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि दफ्तराचा कारभार पाहत होता. पेशवाईंत फडणिशीचा हुद्दा नानांच्या नांवालाच कायमचा चिकटला. गांवोगांवचें कुळकर्ण तर आमच्या आजोबांच्या काळापर्यंत होतें. दुसऱ्याच्या रकमेचा कवडीपर्यंत ताळा देणारे हेच लोक स्वतःच्या घरांत मात्र ‘भावाभावांत हिशेब कसला?’ असें म्हणून मोकळे होत आले. हें औदार्य आहे असें आम्हीही पुष्कळ वर्षें समजत होतों.

आमच्या निकट परिचयाचें एक घर आहे. शहराच्या जुन्या भागांत खालीं वह्या-पुस्तकांचें दुकान व वर दोघां भावांचें एकत्र बिऱ्हाड. दुकान त्यांच्या वडिलांनीं निजामाच्या अमदानींत घातलें. आतां थोरले बंधु, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, तें चालवितात. धाकटे बापू सरकारी नोकर. २००९ सालीं दुकान वाढवावयाचें ठरलें तेव्हां बापूंनीं आपल्या भविष्यनिर्वाह निधींतून दोन लाख रुपये काढून अण्णांच्या हातीं दिले. कागद झाला नाहीं. कागद करावा हें मनांत आणणेंच त्या घरांत पाप ठरलें असतें. पुढें दिवाळीस अण्णा कधीं दहा हजार देत, कधीं बापूंच्या मुलाची फी भरीत, कधीं नुसतीच मिठाई आणीत. असें पंधरा वर्षें चाललें.

अण्णांची मुलगी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. उन्हाळ्याच्या सुटींत तिनें अभ्यास म्हणून दुकानाचा ताळेबंद मांडावयास घेतला. आंकडे आम्हीं सोयीसाठीं पूर्ण केले आहेत: माल पांच लाखांचा, शाळांकडून व गिऱ्हाइकांकडून येणें एक लाख वीस हजार, कपाटें-फळ्या ऐशीं हजारांच्या, बँकेंत व गल्ल्यांत मिळून एक लाख, म्हणजे एकूण मत्ता आठ लाख. प्रकाशकांचें व घाऊक व्यापाऱ्यांचें देणें तीन लाख. तेव्हां अण्णांचें भांडवल पांच लाख. मत्ता बरोबर देणें अधिक भांडवल, हें समीकरण तंतोतंत जुळलें. करसल्लागाराकडे दर वर्षीं जाणारा हिशेबही असाच जुळत असे. मुलगी मात्र अडली, आणि जेवतांना तिनें विचारलें, “बाबा, काकांचे दोन लाख मी कोणत्या खात्यावर लिहूं?”

अण्णांचा हात ताटांत थांबला. “तुला काकानें विचारायला सांगितलें काय?” ते म्हणाले. बापू कांहीं बोलले नाहींत, पण रोज संध्याकाळीं कचेरींतून आल्यावर दुकानांत घटकाभर बसण्याचा त्यांचा परिपाठ होता तो त्या दिवसापासून तीन आठवडे मोडला. दोघांही भावांस आपला अपमान झाला असें वाटलें. आणि जिनें स्वतःच्या बापाच्या तोट्याचा प्रश्न विचारला ती मुलगी घरांत अपराधी ठरली.

आतां प्रश्न पाहा. ते दोन लाख अण्णांच्या भांडवलांत धरले तर भांडवल पांच लाख व देणें तीन लाख. बापूंचें कर्ज म्हणून धरले तर भांडवल तीन लाख व देणें पांच लाख. दोन्ही ताळेबंदांची बेरीज आठच लाख. तेरीज दोन्ही वेळां जुळते. फरक पडतो तो एका भावाइतका, आणि तो सांगण्याचें काम हिशेबशास्त्राचें नव्हे, कायद्याचें आहे. कायद्याला विचारलें तर तो उलट विचारतो कीं, रक्कम दिली तेव्हां दोघांच्या मनांत काय होतें?

देणगी असेल तर विषय संपला. कर्ज असेल तर १९६३ चा मुदतीचा कायदा आडवा येतो. परतफेडीचा दिवस न ठरवितां दिलेल्या कर्जाचा दावा, रक्कम दिल्यापासून तीन वर्षांच्या आंत लावावा लागतो. तेवढ्या अवधींत ऋणकोनें लिहून व सही करून देणें कबूल केलें, किंवा व्याजापोटीं कांहीं देऊन तशी ओळ आपल्या हातानें लिहिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्यानें मोजतात. दिवाळीचे दहा हजार हे व्याज होतें अशी अण्णांच्या हातची एक ओळ वेळच्यावेळीं पडत गेली असती तर मुदत जिवंत राहिली असती. ओळ कोठेंच नव्हती. म्हणून बापूंचा दावा २०१२ सालींच निमाला, आणि दोघांपैकीं एकालाही तें ठाऊक नव्हतें. येथें विद्यार्थ्यांनीं एक बारकावा पाहावा: मुदत संपली म्हणजे दावा बुडतो, देणें बुडत नाहीं. त्याचा उपयोग पुढें येणार आहे.

भागीदारी म्हणावी तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणें नफा वांटून घेण्याचा करार लागतो; तो तोंडी चालतो, पण असावा लागतो. करारांत हिस्से ठरले नसतील तर नफातोटा समसमान, मग एकानें पांच लाख घातले असोत वा दुसऱ्यानें दोन. पुष्कळांस वाटतें कीं हिस्सा भांडवलाच्या प्रमाणांत आपोआप होतो, तसें नाहीं. शिवाय भागीदाराची जबाबदारी अमर्याद. प्रकाशकांचे तीन लाख दुकान विकूनही फिटले नाहींत तर ते बापूंच्या स्वतःच्या ठेवींतून वसूल होऊं शकतात. आणि सरकारी नोकरास पूर्वपरवानगीवांचून खाजगी व्यापार करण्यास सेवानियमांची मनाई असते, हें वेगळेंच. नोंदणी न झालेल्या भागीदारीची आणखी एक गोम आहे: असा भागीदार करारापासून आलेला हक्क बजावण्यासाठीं दुसऱ्या भागीदारावर दावा लावूं शकत नाहीं, भागीदारी मोडून हिशेब मागूं शकतो एवढेंच. महाराष्ट्रानें १९८४ सालीं दुरुस्ती करून तेंही दार जवळजवळ बंद केलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती २००९ सालीं घटनाबाह्य ठरविली.

राहिला चौथा पक्ष, आणि आमच्या वाचकांच्या घरांत तोच बहुधा खरा असतो: दुकान वडिलांनीं घातलेलें, म्हणून तें एकत्र कुटुंबाचें. भागीदारी कायद्याच्या पांचव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे कीं कुटुंबाचा धंदा चालविणारे हिंदु एकत्र कुटुंबाचे घटक हे त्या नात्यानें भागीदार नव्हेत. भागीदारी करारानें होते. कुटुंबांतला हक्क जन्मानें येतो. भागीदार वारल्यास, तसा वेगळा करार नसेल तर, भागीदारी मोडते. कर्ता वारला म्हणून कुटुंबाचा धंदा मोडत नाहीं. कर्त्याखेरीज इतर सहदायादांची जबाबदारी कुटुंबाच्या मिळकतींतील त्यांच्या हिश्शापुरती. मात्र एवढें ध्यानांत असावें कीं कुटुंब एकत्र आहे म्हणून त्यांतील प्रत्येक धंदा एकत्र कुटुंबाचाच असें न्यायालय गृहीत धरीत नाहीं. जो तसें म्हणेल त्यानें तें सिद्ध करावें लागतें.

हा भेद इंग्रजांनीं आणला असें कोणी समजूं नये. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत दायविभाग हें एक प्रकरण आहे आणि संभूयसमुत्थान, म्हणजे अनेकांनीं मिळून केलेला व्यापार, हें निराळें. व्यापाराच्या प्रकरणांत नफातोटा घातलेल्या द्रव्याच्या मानानें किंवा ठरावाप्रमाणें वांटावा असें सांगितलें आहे. घराच्या वांटणीला तो नियम लाविलेला नाहीं. या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्यांच्या कल्याणी नगरींत बसून लिहिली. तें कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण, आमच्या मराठवाड्याच्या शिवेला लागून, आणि १९५६ पर्यंत आमच्याच हैदराबाद राज्यांतलें. सहा दिवसांचा कंटाळवाणा पाठ म्हणून ज्याकडे आमचीं मुलें पाहतात त्याचें मूळ मोटारीनें एका दिवसांत पाहून येण्याजोगें आहे.

बापूंच्या दोन लाखांचा आणखी एक धागा याच टीकेपाशीं पोंचतो. कुटुंबाच्या पैशानें शिकून मिळविलेला पगार मुलाचा कीं घराचा, यावर एके काळीं मोठा वाद होता. १९२१ सालीं प्रीव्ही कौन्सिलनें आय. सी. एस. झालेल्या एका मुलाची मिळकतही घराचीच ठरविली, तेव्हां सुशिक्षित घरांत खळबळ उडाली. पुढें बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या प्रयत्नानें १९३० चा विद्याधनाचा कायदा झाला, आणि विद्येची कमाई ही शिकलेल्याची स्वतःची असें ठरलें. म्हणून बापूंचा निधि बापूंचाच होता. तो त्यांनीं जाणूनबुजून घराच्या धनांत मिसळला असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसतें प्रेमानें दिलें म्हणजे मिसळलें असें होत नाहीं.

ओघानें आलें म्हणून सांगतों. महाराष्ट्रानें १९९४ सालीं व केंद्रानें २००५ सालीं मुलींस जन्मानें हक्क दिला, आणि पित्याच्या मृत्यूच्या तारखेची अट त्याला नाहीं असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं निर्णायकपणें सांगितलें. तेव्हां दुकान कुटुंबाचें ठरल्यास प्रश्न विचारणारी ही मुलगीही हक्कदार. तिनें विचारलेलें तिच्याच हिश्शाच्या विरुद्ध जात होतें, हें अण्णांच्या लक्षांत यावयास बरेच दिवस लागले.

आतां पुन्हां वहीकडे. हिशेबशास्त्राचा पहिला संकेत असा कीं धंदा वेगळा आणि धनी वेगळा. धन्यानें घातलेलें भांडवल हें धंद्याचें धन्यास देणें. धन्यानें गल्ल्यांतून घेतलेली रक्कम, किंवा घरीं नेलेली वहीसुद्धां, उचल म्हणून लिहावयाची. येथें विद्यार्थी एक गोंधळ हटकून करतात: वही दोघांना वेगळें मानते म्हणून कायदाही मानतो असें ते समजतात. एकट्याच्या दुकानाच्या बाबतींत कायदा तसें मुळींच मानीत नाहीं. दुकानाचें देणें तें धन्याचें देणें. कायद्याला खरोखर वेगळी व्यक्ति दिसते ती कंपनींत. लंडनमध्यें ॲरन सॉलोमन नांवाच्या बूट करणाऱ्या गृहस्थानें १८९२ सालीं आपल्या धंद्याची कंपनी केली. बायको, एक मुलगी व चार मुलगे यांना एकेक भाग, बाकी सारे भाग स्वतःचे. कंपनी बुडाली तेव्हां धनको म्हणाले कीं हा सगळा एकाच माणसाचा खेळ आहे. १८९६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं नाहीं, कंपनी ही सॉलोमनहून निराळीच आहे. घरांतलीं सात माणसें मिळून आठवी व्यक्ति निर्माण करूं शकतात, असा त्याचा अर्थ. अण्णांच्या घरांत सात माणसें होतीं, पण आठवी कोणी निर्माण केली नव्हती.

त्या तीन आठवड्यांत मुलीनें माळ्यावरून आजोबांची वही काढली. अर्धी मोडींत, अर्धी बाळबोधींत. तींत रकमांपुढें कोठें ‘हाली’, कोठें ‘कलदार’ असें लिहिलेलें. कारण निजामाच्या राज्यांत हाली शिक्का चाले आणि मुंबई-पुण्याचा माल कलदार रुपयांनीं येई. सात हालींस सुमारें सहा कलदार असा भाव. आजोबा कलदाराची रक्कम हालींत उतरवून मगच बेरजेस घेत, आणि बट्टा वेगळा मांडीत. सारे व्यवहार एकाच मापाच्या पैशांत मोजावे, हा क्रमिक पुस्तकांतला मुद्रामापनाचा संकेत त्यांनीं कोणत्याही महाविद्यालयांत न जातां पाळला होता. पण मुलीला थबकविलें तें वेगळ्याच पानानें. ‘घरखातें’ असें वर लिहून त्याखालीं दुकानांतून घरीं गेलेल्या प्रत्येक वस्तूची नोंद होती: मुलांच्या दौती, रूळ, टांक, आणि एका ठिकाणीं थोरल्याच्या मुंजीस गल्ल्यांतून घेतलेले चाळीस हाली. थोरला म्हणजे अर्थात् अण्णा.

ती वही तिनें काहीं न बोलतां अण्णांच्या गादीवर ठेवली.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. एका रविवारीं दोघे बंधु बसले. दोन लाख हें कर्जच होतें असें दोघांनींही सांगितलें, आणि दोघांनींही तें प्रथमच मोठ्यानें म्हटलें. मुदत केव्हांच सरली होती; परंतु १८७२ च्या कराराच्या कायद्यांत, मुदत गेलेलें कर्ज फेडण्याचें लेखी व सही केलेलें वचन मोबदल्यावांचूनही बंधनकारक धरलें आहे. तसा कागद अण्णांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहिला. व्याज घेण्यास बापू कबूल झाले नाहींत. दिवाळीच्या रकमा मुद्दलांतून वजा धराव्या असें अण्णांच्या पत्नीनें सुचविलें, त्यावर पुन्हां थोडें धुसफुसलें, आणि तो प्रश्न आम्ही हें लिहीत आहों तोंवर सुटलेला नाहीं. ताळेबंदांत मात्र भांडवल तीन लाख व बापूंचें कर्जखातें दोन लाख असें पडलें. दुकान कुटुंबाचें कीं अण्णांचें, हें वकिलाला विचारून लिहून ठेवावयाचें ठरलें आहे.

एक नोंद मात्र कोणत्याच खात्यावर बसेना. जूनच्या गर्दींत, शाळा उघडतांना, गेलीं अठरा वर्षें बापूंच्या पत्नी सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानांत उभ्या राहतात. त्याचा पैसा कधीं दिला गेला नाहीं व कधीं मागितला गेला नाहीं. दोन्ही बाजूंना कांहीं नाहीं, म्हणून तेरीज दर वर्षीं जुळत गेली. मागील वर्षांचा न दिलेला पगार आतां खर्च म्हणून दाखवितां येत नाहीं, असें करसल्लागारानें सांगितलें. पुढचा दाखवितां येईल, पण तो खरोखर दिला पाहिजे. या जूनपासून तो दिला जातो. पहिल्या महिन्याची पावती मुलीनें काकूंपुढें ठेवली, तेव्हां सही कशी करावयाची असें त्यांनीं विचारलें, आणि मग चश्मा शोधून आणून पूर्ण नांव लिहिलें.

पुढील अंकांत घसाऱ्याविषयीं लिहूं. त्याच दुकानांतील १९७४ चें एक सागवानी कपाट वहींत केव्हांच शून्य झालें आहे, आणि अजून तें दोघांना उचलत नाहीं.